डिशवॉशरमध्ये सारखं पाणी साचतंय? फिल्टर धुऊन झाला असेल तर आता ड्रेन पंपाचा पंखा हलवून बघा

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचा आणि माझा प्रॉब्लेम एकच आहे का ते लगेच कळेल. भांडी धुऊन होतात, शेवटी पाणी फेकायची वेळ आली की मशीन नुसतं घुर्रर्र करत बसतं, मग डिस्प्लेवर पाणी बाहेर जात नसल्याचा कोड येतो आणि दार उघडलं की तळाला चार बोटं गढूळ पाणी. तुम्ही फिल्टर काढता, धुता, परत बसवता, मशीन चालू करता आणि ते चालतं! दहा-बारा दिवस छान चालतं. मग परत तेच. परत फिल्टर. परत चालतं. असं तीनदा-चारदा झालं असेल तर पुढे वाचा, कारण मी या चक्रात जवळजवळ तीन महिने घालवलेत आणि दोष फिल्टरमध्ये नव्हताच.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते नाहीतर काही जण उगाच घाबरतील. फिल्टर उचलल्यावर त्याच्या खालच्या खड्ड्यात थोडंसं पाणी कायम असतंच, ते राहायलाच हवं. फिल्टरच्या वर, जिथे स्टीलचा तळ दिसायला हवा तिथे पाणी उभं असेल तरच ही पोस्ट तुमच्यासाठी.

आमचं मशीन २०२० च्या लॉकडाउनमधलं. तेव्हा मावशींना सोसायटीत येऊ देत नव्हते आणि आमच्या विंगमध्ये तीन घरांनी एकाच महिन्यात डिशवॉशर घेतले होते. आम्ही पिंपळे सौदागरला राहतो, पाणी अर्धं महापालिकेचं, अर्धं टँकर आणि बोअरचं, म्हणजे खारं. वॉरंटी कधीच संपलेली. पहिल्यांदा हे झालं ते गौरी जेवणाच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी व्हायला नको होतं त्याच दिवशी. मोदकपात्र, पुरणाची पातेली, वीसेक ताटं, सगळं आत आणि तळाला पाणी. मावशी दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं यंत्र पण सुट्टीवर गेलं वाटतं."

पहिल्या वेळी फिल्टरमधून काय काय निघालं सांगू का, मोहरी, कढीपत्त्याचे देठ, डाळिंबाचे दाणे, आणि नव्या स्टीलच्या वाट्यांवर जे कंपनीचं स्टिकर असतं ना, ते अख्खंच्या अख्खं गोल स्टिकर जाळीला चिकटून बसलेलं. ते काढलं आणि मशीन चालू झालं. मी घरात सगळ्यांना सांगितलं की झालं, सापडलं. आता वाटतं की ते स्टिकर सापडलं नसतं तर बरं झालं असतं, कारण एकदा काहीतरी कचरा निघाला की आपल्याला वाटतं दोष निघाला. आणि आपल्याकडच्या स्वयंपाकाची भांडी धुणाऱ्या मशीनच्या फिल्टरमध्ये कधीही हात घाला, काहीतरी निघणारच हो.

तीन आठवड्यांनी परत झालं. या वेळी मी पाइपवर संशय घेतला आणि तो अगदीच खोटा नव्हता. आमचं मशीन ड्राय बाल्कनीत आहे आणि बसवणाऱ्याने पाणी सोडायचा पाइप सरळ खाली नहाणी ट्रॅपमध्ये खुपसून ठेवला होता, वॉशिंग मशीनचा पाइप पण तिथेच. बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की ड्रेन पाइप वाटेत कुठेतरी जमिनीपासून साधारण ४० सेंटीमीटरच्या वर गेला पाहिजे आणि फार उंच, मीटरभराच्या वर, जायला नको. वर नेला नाही तर दोन भानगडी होतात, एक म्हणजे मशीन पाणी भरत असतानाच सायफन होऊन ते आपोआप बाहेर जाऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे ट्रॅप तुंबला की ट्रॅपमधलं घाण पाणी उलटं मशीनमध्ये यायचा रस्ता मोकळा. फार उंच नेला तर पंपाला ढकलायला जड जातं. मी पाइप भिंतीवर क्लिप मारून वर नेला आणि टोक पाण्यात बुडणार नाही असं बांधलं. पाइपमध्ये आतून तुपाचा नि साबणाचा थर होता, तो पण काढला, गरम पाणी आणि लांब ब्रश. यानंतर पंधरा दिवस मशीन झकास चाललं, त्यामुळे माझी आणखीनच फसगत झाली. पाइप वर घेणं बरोबरच होतं, तुमचा खाली असेल तर तुम्ही पण घ्या, पण आजार दुसराच होता.

मग एक सर्व्हिसवाला बोलावला. कोणाचा ते सांगत नाही, त्याचं नाव काढून काही मिळणार नाही. पाच मिनिटं बघून म्हणाला खालची आख्खी असेंब्ली बदलावी लागेल, ७,००० च्या आसपास, वर व्हिजिटचे वेगळे. मी विचारलं असेंब्लीतलं नेमकं काय खराब आहे, तर म्हणाला मॅडम ते सुटं येत नाही. सुटं येतं. पुढे सांगते.

खरं निदान केलं माझ्या सासऱ्यांनी. ते पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण हात अजून तसाच आहे. बाबा डिशवॉशरला फार मानत नाहीत, चार माणसांच्या भांड्यांना दोन तास लागतात हे त्यांना पटतच नाही. मी फिल्टर चौथ्यांदा धूत होते तेव्हा मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "अगं, घाण काढलीस ते ठीक, पण फिरणाऱ्या वस्तूला हात लावून बघितलास का? बेअरिंग गेलं असेल तर घाण काढून काय होणार?" मी म्हटलं बाबा, फिरणारी वस्तू आत आहे, दिसत नाही. तर म्हणाले, "दिसत नाही म्हणजे झाकलेली आहे. झाकण काढ."

आणि झाकण खरंच असतं! फिल्टर काढल्यावर खालच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजने किंवा जुन्या सिरिंजने पूर्ण काढा, मग बाजूला एक छोटं प्लास्टिकचं झाकण दिसतं, पाचरीसारखं. आमच्या मॉडेलमध्ये चमच्याच्या दांड्याने उचकटलं की निघतं, काहींमध्ये एक स्क्रू असतो. त्याच्या मागे ड्रेन पंपाचा पंखा. हे करण्याआधी मशीनचा प्लग सॉकेटमधून बाहेर, नुसतं बटण बंद नाही, प्लगच बाहेर. आणि हातात जाड रबरी मोजा घाला कारण तिथे फुटक्या काचा जमतात, मला पातळ ग्लासच्या कडेचा एक तुकडा मिळाला, बोटाऐवजी मोज्याला लागला म्हणून बरं.

आता मुख्य परीक्षा. पंखा बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने गोल फिरवा. तो गुळगुळीत फिरणार नाही, अडखळत अडखळत, झटके देत फिरेल. ते नॉर्मल आहे, मी उगाच घाबरले होते. या पंपात मागे एक चुंबक असतो आणि तो कॉइलच्या लोखंडाला ओढला जातो म्हणून ते झटके. अजून एक, पंखा थोडासा, काहींचा अर्ध्या वेढ्यापर्यंत, सुटा फिरतो आणि मग चुंबकाला पकडतो. ते पण मुद्दाम तसंच केलेलं असतं. ही सिंक्रोनस मोटर असते, तिला सुरू होताना जोर फार नसतो, म्हणून चुंबकाला आधी थोडं रिकामं फिरू देतात आणि वेग आला की मग पंखा गळ्यात पडतो. सुरू होताना ती उजवीकडे फिरेल की डावीकडे हे पण ठरलेलं नसतं, म्हणून पंख्याची पाती सरळ असतात, कुठूनही फिरला तरी पाणी ढकलतो. थोडक्यात गोल फिरण्यातला सैलपणा म्हणजे बिघाड नाही.

बघायचं ते वेगळं. पंख्याला दोन बोटांत धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. दांड्यासकट डगमगतो का? आमचा इतका डगमगत होता की पातं बाजूच्या भिंतीला टेकत होतं, आणि भिंतीवर त्याने घासून घासून गोल चरा पाडलेला. बाबांनी एकदाच हलवला आणि म्हणाले, "हे बघ, बुश खाल्लाय." म्हणजे दांडा ज्या छोट्या बुशमध्ये फिरतो तो झिजून भोक मोठं झालेलं. त्यामुळे व्हायचं असं की पंखा कधी बरोबर मध्ये असायचा तेव्हा मोटर सुरू व्हायची, कधी एका बाजूला पडलेला असायचा तेव्हा भिंतीला अडकून नुसता थरथरायचा, तोच तो घुर्रर्र. मी फिल्टर काढताना धक्का बसायचा, पाणी हलायचं, पंखा परत जागेवर यायचा आणि मशीन चालायचं. आणि श्रेय जायचं फिल्टरला. तीन महिने!

इथे मल्टिमीटरवाल्यांना एक सूचना. नवऱ्याचा आधीपासून आग्रह होता की मीटर लावून बघू. लावला, पंपाच्या दोन पिनांमध्ये १७० ओहमच्या आसपास आलं, म्हणजे कॉइल शाबूत, या पंपांची कॉइल साधारण शे-दोनशे ओहमच्या दरम्यानच दाखवते. तो म्हणाला पंप चांगला आहे. कॉइल चांगली होती, पंप चांगला नव्हता. मीटरला झीज दिसत नाही. ओपन आलं, म्हणजे मीटरने काहीच रीडिंग दाखवलं नाही, तर पंप नक्की गेला, पण बरोबर रीडिंग आलं म्हणून पंपाला क्लीन चिट देऊ नका. आणि मशीन चालू ठेवून आत व्होल्टेज मोजायच्या भानगडीत घरच्या माणसाने पडू नये, तिथे थेट २३० व्होल्ट असतात आणि आजूबाजूला पाणी.

पार्टचं सांगते. मशीनच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावर दिसेल अशा जागी, एक पट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर. तो अख्खा उतरवून घ्या, शेवटच्या स्लॅशनंतरचे आकडे पण, एकाच नावाच्या मशीनमध्ये वर्षाप्रमाणे वेगळे पंप लागतात. जुना पंप काढल्यावर त्याच्या अंगावर पण नंबर, व्होल्टेज आणि वॅट लिहिलेले असतात, आमच्यावर २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ३० वॅट होतं. मी आधी पंप काढून हातात घेऊन पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले, कारण माझा अनुभव असा की तिथे न मिळणारी इलेक्ट्रिकची वस्तू मुळात बनतच नाही. दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्याने वॉशिंग मशीनचा पंप काढून दिला, "ताई सेम आहे, लावा बिनधास्त." मोटर खरंच सेम दिसत होती, वॅट पण तेच. पण पुढचं तोंड वेगळं, जिथे तो मशीनच्या खाचेत बसतो ती कड जाडीला कमी आणि पंखा लांब. कदाचित ठोकून बसला असता, गळलाही असता. नको म्हटलं. चौथ्या दुकानात जुना पंप बघून मालकाने काहीही न बोलता आतून तोच नंबर आणून ठेवला, १,४५० रुपये. ऑनलाइन तोच मला ११०० ते २२०० च्या मध्ये दिसला होता पण यायला आठवडा, आणि परत केला तर पैसे कधी मिळतील ते देवाला माहीत. पार्ट घेताना त्याच्याबरोबर रबरी रिंग येते का ते विचारा. माझ्यात बसवूनच आली होती.

आता बदलायचं काम. खरं सांगायचं तर पंप बदलणं दहा मिनिटांचं आहे, बाकी सगळा वेळ मशीन बाहेर काढण्यात आणि मी केलेल्या एका मूर्खपणात गेला.

प्लग बाहेर. पाण्याचा अँगल कॉक बंद. पाइपचं टोक बादलीत सोडा कारण त्यात पाणी उरलेलं असतं. मशीन रिकामं पण चाळीस-पन्नास किलो भरतं, एकट्याने ओढू नका, पुढच्या पायांखाली जुनी चादर घालून ओढलं तर फरशीवर चरे पडत नाहीत. आमच्या मशीनला पंप उजव्या बाजूला तळाशी आहे, बाजूचा पत्रा काढला की समोर दिसतो. तुमच्याकडे डाव्या बाजूला असेल, किंवा खालून काढावा लागत असेल, आधी टॉर्च मारून बघून घ्या मग स्क्रू सोडायला लागा. पत्र्याचे स्क्रू मागच्या कडेला होते आणि ते साधे चौफुलीचे नव्हते, चांदणीसारख्या खाचेचे, टी-२० बिट लागला. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मोजे घाला, मी घातले नाहीत आणि हळद लावून बसले.

वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो. दोनच वायरी असतात, पण आत गर्दी असते आणि नंतर कुठली वायर कुठल्या क्लिपमधून गेलेली हे आठवत नाही. कनेक्टरला छोटी जीभ असते ती दाबून ओढायचा, वायरीला धरून ओढायचा नाही. पंप स्क्रूने बसलेला नसतो, बाटलीच्या झाकणासारखा थोडासा फिरवून काढायचा असतो. बाजूला एक प्लास्टिकची कडी असते, ती अंगठ्याने बाहेर दाबून धरायची आणि पंप पाव वेढा फिरवायचा. आमचा हलेना. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर सांध्यात बसला होता. बाबांनी जुना नॅपकिन गरम पाण्यात पिळून पाच मिनिटं त्याच्यावर धरला, मग हळूहळू पुढे-मागे करत सोडवला. पक्कडने ओढू नका, तिथलं सगळं प्लास्टिक आहे आणि ती कडी तुटली तर मग खरंच त्या सर्व्हिसवाल्याची असेंब्ली घ्यावी लागेल.

आणि इथे माझा मूर्खपणा. आदल्या दिवशी पंखा बघितला तेव्हा खड्ड्यातलं पाणी काढलं होतं, मग रात्री "शेवटचं एकदा बघू" म्हणून मशीन चालवलं होतं आणि ते अर्धवट बंद पडलेलं, म्हणजे आत परत पाणी होतं. विसरले. पंप फिरवून ओढला आणि बदाबदा सगळं पाणी मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये. बाहेर फारसं आलंच नाही म्हणून मला वाटलं चला, थोडंच होतं. रिंग पुसली, जिथे बसते तो सांधा पुसला, नवीन पंप बसवला, कडीचा टक् आवाज आला, वायर लावली, पत्रा लावला, मशीन चालू केलं. आणि काय, पाणी घेतच नाही, पंप अखंड चालू, थांबायचं नाव नाही, आणि डिस्प्लेवर आता वेगळाच कोड. नवीन पंप पण खराब लागला म्हणून मी रडकुंडीला आलेले.

पंप उत्तम होता. झालं असं की त्या खालच्या ट्रेमध्ये थर्माकोलचा एक तरंगता तुकडा असतो आणि त्याच्यावर एक स्विच. ट्रेमध्ये पाणी आलं की थर्माकोल वर उचलला जातो, स्विच दबतो, आणि मशीनला वाटतं की आत कुठेतरी गळती आहे, म्हणून ते पाणी घेणं बंद करतं आणि आहे ते बाहेर फेकत बसतं. पूर येऊ नये म्हणून केलेली चांगली सोय आहे, मीच पूर आणला त्याला ते काय करणार. परत प्लग काढला, परत पत्रा, आणि बाजूने हात घालून स्पंजने ट्रे कोरडा केला, कोपऱ्यातलं पाणी येईना म्हणून काडीला फडकं गुंडाळून. जवळजवळ अर्धा लिटर निघालं. काही लोक अशा वेळी मशीन मागे कलंडवतात आणि पाणी बाहेर काढतात. चालतं, पण मीठ भरायच्या डब्यात मिठाचं पाणी असतं, त्याचं झाकण सैल असेल तर ते आत सांडतं आणि पत्रा गंजतो, त्यामुळे कलंडवणार असाल तर आधी झाकण आवळा आणि दार चिकटपट्टीने बंद करा. आणि मुळात पंप काढण्याच्या पाच मिनिटं आधी खड्डा स्पंजने कोरडा करा, आदल्या दिवशी नाही.

रबरी रिंगबद्दल. ती कोरडी घालू नका, पिळवटते आणि मग एका बाजूने थेंब थेंब गळते. पण तेल, व्हॅसलीन, ग्रीस यातलंही काही लावू नका, पेट्रोलियमवाल्या वस्तूंनी अशा रबरी रिंगा फुगू शकतात. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटावर घेऊन फिरवला की झालं.

टेस्ट करताना पूर्ण प्रोग्रॅम लावू नका. दार उघडून तळात दीड-दोन लिटर पाणी ओता, दार लावा, आणि रीसेट द्या, बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की ते आधीचा प्रोग्रॅम रद्द करून मिनिटभर फक्त पाणी बाहेर फेकतं. पाइपचं टोक बादलीत ठेवलंत तर धार डोळ्यांनी दिसते. जुन्या पंपाची धार अंगणातल्या नळीसारखी मलूल होती, नव्याने बादलीतून पाणी बाहेर उडवलं. मग मशीनखाली वर्तमानपत्र सरकवलं, सगळ्यात छोटा प्रोग्रॅम लावला, पूर्ण झाल्यावर प्लग काढून पत्रा खोलला आणि सांध्याला टिश्यू लावून बघितला. कोरडा. तेव्हाच मशीन भिंतीला लावलं. लावताना पाइप मागे चेंगरत नाही ना ते बघा, हे सगळं करून शेवटी पाइपला घडी पडली तर त्याच कोडने तुमचं स्वागत होईल.

जुना पंप बाबांनी फेकू दिला नाही, रविवारी वर्तमानपत्रावर ठेवून पूर्ण खोलला. पंख्याच्या मागे, दांड्याला, तारेच्या घासणीचे बारीक तुकडे वेटोळं घालून बसले होते. आमच्याकडे करपलेली कढई आधी तारेने खरवडायची आणि मग मशीनमध्ये टाकायची अशी पद्धत, त्यातले तुकडे भांड्याला चिकटून आत जाणार, फिल्टरच्या जाळीतून आडवे नाही पण उभे घुसणार, आणि पुढे चुंबक बसलेलाच आहे ओढून घ्यायला. बरीचशी घासणी चुंबकाला चिकटते, तुमची चिकटते का ते फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा. त्या तुकड्यांनी आणि पाण्यातल्या क्षाराच्या कणांनी मिळून बुश कापला होता, पॉलिश पेपरने घासावं तसा. आता तारेने घासलेलं भांडं नळाखाली धरून मगच आत जातं आणि कांदा-लसूण, मोहरी असलं काही दिसलं तर ते आधी केराच्या डब्यात. मशीनच्या आधी भांडी धुवायची म्हणजे मशीन कशाला, असं म्हणणारे आमच्याकडे पण आहेत, त्यांना मी एवढंच म्हणते की धुवायची नाहीत, फक्त झटकायची.

ज्यांचा पंखा अजिबात डगमगत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाणी फेकायच्या वेळी काहीच आवाज नाही, अगदी शांतता, तर पंपापर्यंत वीजच येत नसेल किंवा कॉइल तुटली असेल, इथे मात्र मीटर कामाचा, आणि कॉइल बरोबर आली तर मामला मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा, तो जाणकार माणसाकडे द्या. घुर्रर्र आहे आणि पंखा बोटाने पण हलत नाही, तर काहीतरी अडकलंय, काच किंवा बी. पंप जोरात चालतो पण पाणी जात नाही, तर पाइप नाहीतर ट्रॅप. आणि मशीन पूर्ण कोरडं होऊन थांबतं पण सकाळी उघडलं की तळाला पाणी, तर ते पाणी उलटं येतंय, पंपाच्या पुढे एक रबरी झडप असते ती वाकलेली किंवा तिच्यात काही अडकलेलं असणार, किंवा पाइप खाली पडलेला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं हेच होतं, त्यांनी उगाच पंप बदलून घेतला.

अजून एक, नाहीतर तुम्ही माझ्यासारखं कराल. नवीन पंप लावल्यावर पाणी फेकण्याच्या शेवटी दहा-पंधरा सेकंद जोरात खळखळ, गुरगुर असा आवाज येतो. पाणी संपून पंप हवा ओढायला लागला की तो येतोच. जुना पंप कधी पाणी पूर्ण संपवतच नव्हता म्हणून आम्हाला तो आवाज विसरायला झालेला. मी तो ऐकून रात्री साडेअकराला परत पत्रा खोलला होता.